गावकीला लागलेली लॉटरी

तो ईमेल आला तेव्हा मी अंधेरीच्या एका ऑफिसात बसून साबणाचं कौतुक लिहीत होते. हा साबण लावला की अंगात आत्मविश्वास येतो, ही गोष्ट मला चार वेगवेगळ्या प्रकारे पटवून द्यायची होती. इतक्या पवित्र कामात असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षरं चमकली : 'अभिनंदन!!! आपण विजेता आहात!!!'

मजकूर मराठीत होता. मराठीला हल्ली इतके चांगले दिवस आलेत की परदेशातले भामटेसुद्धा तिची दखल घेतात. 'प्रिय भाग्यवान सज्जन, आपला ईमेल पत्ता संगणकाने आनंदाने उचलला आहे. आपण पौंडांमध्ये मोठी रक्कम जिंकलेले आहात. कृपया हा आनंद गुप्त ठेवा.' खाली कुणा 'दावा अधिकाऱ्या'ची सही होती, फोन नंबर होता आणि सहीपेक्षा मोठा गोल शिक्का होता. शिक्क्यात सिंह होता, जहाज होतं आणि तराजूही होता. सर्कस, बंदर आणि न्यायालय या तिन्हींचा कारभार बहुधा एकाच ऑफिसातून चालत असावा.

अशा मजकुराकडे मी आधी भाषा म्हणून बघते, कारण मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे, आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायचे. गिरणी बंद पडली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. गिरणी गेली, पत्रकं राहिली. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत पलंगाखाली कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. शाळेचा पाढा मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे आणि पाठ झाला की पुढची बाजू वाचायचे. परिणाम व्हायचा तो झालाच. तिसरीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाचा शेवट मी 'मांजरांवरील अन्याय यापुढे सहन केला जाणार नाही' असा केला होता. बाईंनी तांबड्या शाईत विचारलं, 'कोणी केला?' मला उत्तर देता आलं नाही, पण भूमिकेवरून मी हटले नाही.

तर त्या ईमेलचा फोटो मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये आम्ही तिघंच : आई, बाबा आणि मी. खाली लिहिलं, 'श्रीमंत झालो. भात कमी लावू नका.' आणि पुन्हा साबणाकडे वळले.

संध्याकाळी घरी आले तर बाबा चष्मा लावून मोबाईलवर तोच फोटो मोठा करून बघत होते. समोरचा चहा साय धरून बसला होता.

"हा शिक्का रबरी नाही वाटत," ते म्हणाले. "छापील आहे."

"बाबा, तो चोर आहे."

"कोण?"

"ज्याने पाठवलंय तो. असे ईमेल रोज लाखो लोकांना जातात. मी गंमत म्हणून टाकला."

"मी फोन केला होता त्याला."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आतून आई म्हणाली, "फार नीट बोलला हो. सर सर म्हणत होता यांना."

बाबांना आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. मुकादम त्यांना एकेरी हाक मारायचा, पोलीस 'ए पुढारी' म्हणायचे. आता एका अज्ञात भामट्याने हा दीर्घ अन्याय दूर केला होता.

"पैसे मागितले ना?" मी विचारलं.

"आत्ताच नाही. आधी कागद पाहिजेत म्हणाला. आधार, पॅन, रेशन कार्ड, दोन फोटो, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. मग कसलीतरी क्लिअरन्स फी."

"झालं तर मग. हेच. हीच खूण फसवणुकीची."

बाबांनी चष्मा काढला. एखादं कच्चं पत्रक वाचून झाल्यावर काढायचे तसा. "उलट बोलतेस तू. फसवणारा माणूस कागद मागत नाही. फसवणारा म्हणतो, हे घे, अंगठा दे. एवढे कागद मागतायत म्हणजे तिथे काहीतरी खरं आहे."

हे तर्कशास्त्र बाबांना कुठून मिळालं ते सांगायला हवं. बंद गिरण्यांच्या कामगारांना सरकार घरं देतं, सोडत काढून. बाबांनी त्याचा अर्ज भरला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर त्यांनी गिरणीचा पास दिला, हजेरीचा दाखला दिला, रहिवासाचा पुरावा दिला. मग तो पुरावा जुना झाला म्हणून नवा दिला. त्यांना ईमेल नव्हता म्हणून कॉलेजात गेल्यावर माझा दिला. ते 'पात्र' ठरले, त्याचा आम्ही पेढा खाल्ला. पुन्हा पडताळणी झाली आणि ते पुन्हा पात्र ठरले. पात्र असणं हा आता बाबांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. घर अजून सोडतीत आहे. कागद मागतात म्हणजे प्रकरण जिवंत आहे, कागद मागायचे थांबले की समजावं मेलं, ही त्यांची शिकवणी सरकारकडे झाली होती, आणि त्या शिकवणीची फीही त्यांनीच भरली होती.

"हे सरकारी नाही एवढं मला कळतं," बाबा म्हणाले. "मी काही खुळा नाही. ही दुसरी लॉटरी आहे. पण रीत तीच दिसते."

"रीत तीच आहे म्हणूनच सांगतेय!" मी ओरडले, आणि आपण काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत काहीतरी लागलंय, तर लागू दे ना. तुझं काय जातंय?"

इथपर्यंत हे घरातलं होतं आणि घरातच मिटवता आलं असतं. मी बाबांचा मोबाईल लपवला असता, तो नंबर बंद करून टाकला असता. पण बाबांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारली आणि म्हणाले, "तसंही हे आपलं नाहीच. हे गावकीचं."

आमच्या गावची माणसं गिरणीत आली तेव्हा परळला गावकीची एक खोली होती. बिऱ्हाड करायची ऐपत नसलेले पुरुष तिथे पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीचा उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीचा आडवा. एकाच खिशातून सगळ्यांचा चहा, आणि कधीमधी सगळ्यांच्या वर्गणीतून एक लॉटरीचं तिकीट. भांडणं नकोत म्हणून त्या खोलीने एक नियम केला होता : घामाचं ज्याचं त्याचं, नशिबाचं गावाचं. रस्त्यात नोट सापडली तरी ती खोलीच्या डब्यात. खोली केव्हाच गेली, तिथे आता कुणाचातरी टॉवर आहे. माणसं दहिसर, मुलुंड, चेंबूर, घाटकोपर अशी उधळली गेली. पण ग्रामस्थ मंडळ उरलं, नियम उरला आणि मंडळाचे चिटणीस म्हणून माझे बाबा उरले.

मी विरोधाचं भाषण मनात जुळवीपर्यंत सभेची सूचना मंडळाच्या ग्रुपवर गेलीसुद्धा. बाबा टाईप हळू करतात, पण सूचना मात्र एका दमात लिहितात. 'समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींस कळविण्यात येते की... विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त. दोन : देवळाच्या पत्र्यांची दुरुस्ती. तीन : अडीनडीच्या फंडाचा आढावा. चार : चिटणीसांच्या मुलीच्या ईमेलवर लागलेल्या परदेशी लॉटरीच्या रकमेचा विनियोग.'

'कृपया हा आनंद गुप्त ठेवा,' असं त्या बिचाऱ्याने लिहिलं होतं. आमच्या गावात म्हैस व्यायली तरी तीन वाड्यांना कळतं, हे त्याला कोण सांगणार?

मग फोन सुरू झाले. कधी लग्नालाही न बोलावणारे लोक आईला 'वहिनी, पाय दुखतात का हो अजून?' असं विचारू लागले. मुलुंडहून एका गृहस्थांनी बाबांना सुचवलं की पौंड एकदम बदलून घेऊ नका, भाव चढू द्या. दहिसरच्या एकाने पाखाडीचा नकाशाच पाठवला. पाखाडी म्हणजे वाडीतून वर चढणारी दगडी पायऱ्यांची वाट. ती खालच्या वाडीत आधी व्हावी, कारण वरच्या वाडीने मागच्या वेळी पाण्याची टाकी पळवली, असं नकाशाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पैसे यायचे होते, मारामारी येऊन पोचली होती.

दावा अधिकारीही रोज फोन करत होता. साच्यांच्या आवाजात बाबांचे कान गेले, त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर लावतात आणि आमच्या घरात खासगी संभाषण ही वस्तूच नाही.

"सर, फी कब भर रहे हो? आज लास्ट डेट है."

"सभा रविवार को है," बाबा शांतपणे सांगायचे. "ठराव होने के बाद."

"कौन सी सभा, सर?"

"गावकी की."

"सर, मैंने बोला ना, किसी को बताना नहीं है."

"वो नहीं जमेगा. विषयपत्रिका निकल गई है."

पलीकडून फोन ठेवला जायचा. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख आणखी पुढे गेलेली असायची. जगातला कुठलाच चोर इतक्या लोकशाहीच्या तयारीने धंद्यात उतरत नसणार.

मला मात्र हसू येईनासं झालं, कारण फी कुठून भरायची तेही ठरत आलं होतं. मंडळाचे अध्यक्ष वरच्या वाडीचे. आमच्याकडे चहा पिऊन जाताना दारात म्हणाले, "अडीनडीच्या फंडातून देऊ तात्पुरती. पौंड आले की भरून टाकू." हा फंड गावच्या माणसाला इथल्या हॉस्पिटलातून घरी न्यायला लागणाऱ्या गाडीसाठी असतो. काही जण त्या गाडीतून बसून जातात, काही झोपून. सगळ्यांनी थोडं थोडं टाकून तो जमवलेला असतो आणि तो चिटणीसांच्या शब्दावर हलतो. म्हणजे तो त्या भामट्याकडे गेला असता तर बाबांच्या शब्दावर गेला असता. नंतर कुणाच्या घरी माणूस गेला असता आणि गाडीला पैसे नसते, तर कुणी सिंह-तराजूच्या शिक्क्याला नाव ठेवलं नसतं. बाबांना ठेवलं असतं, आणि गावकीत ठेवलेलं नाव पुढच्या पिढीच्या लग्नातसुद्धा निघतं.

"मी सभेत बोलणार आहे," मी त्यांना सांगितलं.

"बोल की. सभा त्यासाठीच असते."

"तुमच्या विरोधात बोलणार आहे."

"मग उभी राहून बोल. बसून विरोध करायचा नसतो."

सभा महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात होती. वर्ग पहिलीचा होता, त्यामुळे गावचे सगळे ज्येष्ठ गुडघे छातीशी घेऊन बाकांवर बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवरचा ससा हसत होता. पहिले तीन विषय कधी नव्हे ते झटपट संपले. देवळाच्या पत्र्यांना कुणी विचारेना. पौंडांतून संगमरवर येणार असेल तर पत्रा कशाला?

चौथा विषय निघाला आणि वर्ग पेटला.

"आधी देऊळ!"

"देऊळ काय पळून जातंय? आधी पाखाडी!"

"पाखाडी कुणाची? तुमची? वर्गणी भरली का गेल्या गणपतीची?"

"ए, टाकी आठवते ना? टाकी?"

"टाकीचं नाव काढायचं नाही! टाकीवर ठराव झालाय!"

अध्यक्षांनी टेबलावर डस्टर आपटला. खडूच्या ढगात ते म्हणाले, "वाटप नंतर. पहिली फी. अडीनडीच्या फंडातून तात्पुरती उचल करावी असा ठराव मी मांडतो. चिटणीस, तुमचं म्हणणं?"

बाबा उठायच्या आत मी उठले. पत्रकी भाषा तोंडावर आली होती, ती गिळली आणि साधं बोलले. ही फसवणूक आहे, म्हटलं. खुणा सांगते. न मागता आधी अभिनंदन करतात. मग कागद मागतात, दिले की आणखी मागतात. मग फी. मग तारीख देतात, ती पुढे ढकलतात. ज्याच्याकडे जाऊन उभं राहावं असा माणूस कधीच दिसत नाही, नुसता शिक्का दिसतो. तुम्ही वाट बघत राहता. आणि जितकी जास्त वाट बघाल तितकं सोडून देणं अवघड जातं, कारण मग एवढी वर्षं फुकट गेली असं होतं.

'एवढी वर्षं' कशाला म्हणाले कोण जाणे. ईमेल येऊन महिनाही झाला नव्हता.

मागच्या बाकावरून चेंबूरची काकी बोलली. तिचा नवरा बाबांच्याच साच्यांवर होता. तो गेला आणि सोडतीचा अर्ज आता तिच्या नावावर आहे. "गो चेडवा," ती म्हणाली, "तू सांगतंस ता सगळा आमच्या घरांच्या सोडतीक पण लागू पडता."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. त्या वर्गात पात्र माणसं पुष्कळ होती.

आता कबूल करण्यासारखं नाही, पण खरं आहे : साबणाचं कौतुक पोटासाठी, पण फावल्या वेळात मी वर्तमानपत्रांत लिहिते, आणि या सोडतीवर मी दोनदा सणसणीत लेख लिहिले आहेत. 'आशेचा सरकारी कारखाना' असं एकाचं नाव. वाचकांनी वाहवा केली. त्यातलं एक वाक्य तिथे उच्चारलं असतं तर माझा मुद्दा पुरा झाला असता. पण काकी माझ्याकडे बघत होती, आणि तिला माझा होकार नको होता, नकार हवा होता. मी उभी राहिले आणि काही बोलले नाही. व्यासपीठावरची माणसं असं करतात तेव्हा मी त्यांना लेखात 'मौनी पुढारी' म्हणते.

तेवढ्यात बाबा उठले. "लागू पडतं," ते काकीला म्हणाले. "बरंचसं पडतं. पण सरकारच्या दारावर आपण मोर्चा घेऊन जाऊन आलोय ना? तुम्ही होतात, पोलिसांनी ढकललं तेव्हा चप्पल तुटली होती तुमची. दार आहे, म्हणून ढकलायला माणूस आहे. या लॉटरीवाल्याचं दार कुठे आहे ते मी विचारलेलं नाही. ते विचारायला पाहिजे होतं. माझं राहिलं."

मला हे पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. दार असणं आणि ते उघडणं यांत माझ्या मते बराच फरक आहे. पण त्यावर वाद घालायला वेळ मिळाला नाही, कारण बाबांचा फोन वाजला. रविवारची सभा दावा अधिकाऱ्याला पाठ झाली होती. बाबांनी सवयीने स्पीकर लावला आणि फोन टेबलावर, डस्टरच्या शेजारी ठेवला.

"गुड आफ्टरनून सर! ठराव हो गया?"

सगळा वर्ग पुढे वाकला.

"चालू है," बाबा म्हणाले. "एक सवाल है. हमारे मंडळ का नियम ऐसा है, जिसको पैसा मंगता है उसने सभा के सामने खडा रहना पडता है. आप आ जाओ. घाटकोपर वेस्ट, म्युनिसिपल शाळा, तळमजला. हम रुकते हैं."

"सर, मैं तो लंडन में हूँ."

"लंडन में अभी दुपार है क्या?" अध्यक्षांनी विचारलं. ते एकदा मुलाकडे आखातात जाऊन आले होते आणि वेळेच्या बाबतीत कडक होते.

"सर, ये कौन बोल रहा है? आपके साथ कोई है?"

"सगळे आहेत," दहिसरचा नकाशावाला ओरडला. "पुरा गाव है! बोल तू!"

"सर, स्पीकर बंद कीजिए. ये कॉन्फिडेन्शियल है."

काकी बाकावरून कशीबशी सुटून पुढे आली आणि फोनवर वाकली. "बाबा रे, तुझो गाव खंयचो?"

पलीकडून आवाज येईना. कोकणातल्या माणसाने विचारलेल्या या प्रश्नाला लंडन हे उत्तर चालत नाही, हे त्यालाही जाणवलं असावं. मागे मात्र बरेच आवाज ऐकू येत होते. एकाच खोलीत बसून अनेक जण एकाच वेळी 'सर, सर' म्हणत होते. कुठेतरी दूर बसून, डोक्यावर कुणाचा तरी डोळा घेऊन, पाळीवर काम करत होते.

बाबांनी ते ऐकलं. बहिऱ्या माणसाला खात्यातला गोंगाट बरोबर ओळखू येतो. ते फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "कितने घंटे की पाळी है तुम्हारी?"

"...जी?"

"पाळी. शिफ्ट. ओव्हरटाईम देते हैं? युनियन है क्या तुम लोगों में?"

फोन कट झाला.

मग वरच्या वाडीतला एक जण खिदळला, "चिटणीस, चोराची युनियन करायला निघालात!" आणि सगळा वर्ग कोसळला. माणसं डोळे पुसत होती. जी मघाशी पाखाडीवरून एकमेकांच्या गळ्याला भिडली होती, ती आता एकमेकांना टाळ्या देऊन सांगत होती, 'मला पहिल्यापासून संशय होताच.' मुलुंडच्या पौंडवाल्या गृहस्थांना तर सर्वांत आधी संशय आला होता, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

हे हसणं फोनवरून घसरून हळूहळू बाबांवर यायला लागलं, ते मला दिसत होतं. "एवढे शिकलेसवरलेले पुढारी..." "रोज फोनवर बोलायचे म्हणे त्याच्याशी..." बाबा उभेच होते. हसणं ओसरू दिलं आणि नेहमीच्या सभेतल्या आवाजात म्हणाले, "विषय क्रमांक चार. लॉटरी खोटी निघाली. फंड जागेवर राहील. खातरजमा न करता विषय सभेपुढे आणला ही चिटणीसाची चूक. फंड जाता जाता राहिला. म्हणून मी चिटणीसपदाचा राजीनामा देतो. अध्यक्षांनी मतास टाकावा."

आता मात्र हसणं थांबलं. अध्यक्ष गडबडले. "अहो, गंमत झाली, सोडा."

"गंमत नाही. मतास टाका."

"मग सूचना कोण लिहिणार?" कुणीतरी विचारलं. हा खरा प्रश्न होता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या सशाकडे पाहिलं. वर्गणीसाठी फोन कोण करणार, हॉस्पिटलात रात्र कोण काढणार, गाडीवाल्याशी घासाघीस कोण करणार? बाबांवरचं प्रेम त्या वर्गात अचानक उफाळून आलं. इतका सच्चा माणूस मिळणार नाही, असं तीन-चार जण एकदमच बोलले, आणि त्यातले निदान दोघे असे होते ज्यांना पुढचे चिटणीस होण्याची भीती वाटत होती.

"राजीनामा नामंजूर करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. सगळे हात वर गेले. काकीने दोन्ही केले.

"मंजूर करावा, असं कुणाला वाटतं?" हे नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं.

मी हात वर केला.

का केला, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, आणि दरवेळी एकच उत्तर येतं : कारण ते बरोबर होतं. ज्यांच्या शब्दावर लोकांचा पैसा हलतो त्यांनी चूक झाल्यावर खुर्ची सोडावी, हे मी मंत्र्यांना उद्देशून इतक्यांदा लिहिलं आहे की बापाच्या वेळी हात मांडीखाली दाबून बसले असते तर पुन्हा पेन उचलताना पंचाईत झाली असती. सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघत होता. बाबांनीही पाहिलं. मग त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले, एक मोठा आणि एक सगळ्यांत लहान, आणि म्हणाले, "बहुमताने नामंजूर. विषय पाच : आयत्या वेळचे विषय."

सभा संपल्यावर आम्ही दोघं टेकडीचा चढ चढायला लागलो. पायऱ्यांच्या मधल्या वळणावर बाबा दम खायला थांबले.

"राग आलाय?" मी विचारलं.

"कसला?"

"हात वर केला त्याचा."

"बिनविरोध झालं असतं तर वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "त्यांनी कामासाठी ठेवलंय मला. तू तेवढी चुकीवर बोललीस." दोन पायऱ्या चढून पुन्हा थांबले. "मला सगळं मागूनच मिळालं गो. महागाई भत्ता मागून, रजा मागून, हिशोबाचे पैसे मागून. म्हटलं, एकदा न मागता कोणतरी देतोय, तर बघूया."

माझ्याकडे या विषयावरही एक लेख तयार होता. तो मी काढला नाही.

आई दारातच उभी होती. चेंबूरच्या काकीचा फोन आमच्या आधी घरी पोचला होता. रविवार असल्यामुळे बांगड्याचं तिखलं होतं. आईने बाबांच्या ताटात मधले दोन्ही तुकडे वाढले, वर रस्सा ओतला. मग माझ्या ताटात भात घातला, एक डोकं ठेवलं आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "बहुमताने."